झाडाच्या सालीवरील ‘अक्षरे’ : ग्राफिस शैवाकाची रचना व रसायन

पावसाळा ओसरल्यावर कोकणातील किंवा सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या जुन्या बागेत गेले असता पोफळीच्या सरळ खोडावर, आंब्याच्या व फणसाच्या बुंध्यावर पांढुरके, राखी अथवा किंचित हिरवट चट्टे हमखास दृष्टीस पडतात. काही चट्टे रुपयाएवढे, तर काही तळहाताहूनही मोठे असतात. जवळ जाऊन पाहिल्यास त्यांपैकी पुष्कळ चट्ट्यांवर बारीक काळ्या रेघा दिसतात. काही रेघा सरळ, काही वाकड्या व काहींना फाटे फुटलेले असतात. लहान मुलाने पाटीवर गिरगिटावे तसा तो प्रकार दिसतो. या चट्ट्यांना शास्त्रज्ञांनी ग्राफिस असे नाव दिले आहे. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे.

हे चट्टे पाहून अनेक बागाईतदार बंधू चिंतेत पडतात. झाडाला कोड फुटले असे कोणी म्हणतात. झाडाचा रस शोषणारी ही बुरशी आहे असे कोणास वाटते. मग कोयता घेऊन खोड खरवडले जाते, किंवा मोरचुदाच्या फवारणीवर पैसा खर्च होतो. हे दोन्ही उपाय अनावश्यक असून पहिला तर निश्चितपणे अपायकारक आहे. असे का म्हणावयाचे, हे या चट्ट्याची शरीररचना व त्यातील रासायनिक द्रव्ये समजून घेतल्यावर स्पष्ट होईल.

शैवाक म्हणजे काय?

ग्राफिस हा शैवाकांचा एक गट आहे. शैवाक ही एकच एक वनस्पती नव्हे. कवक (बुरशी) व शैवल (शेवाळ) या दोन भिन्न जीवांनी एकत्र राहून थाटलेला तो संसार होय. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी ही कल्पना १८६७ साली मांडली. प्रारंभी तिला बराच विरोध झाला; आज ती सर्वमान्य आहे.

या संसारात कामाची वाटणी असते. कवक घर बांधतो, ओलावा धरून ठेवतो व उन्हापासून आडोसा देतो. शैवलाजवळ हरितद्रव्य असल्यामुळे तो सूर्यप्रकाश, पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करतो आणि त्याचा मोठा वाटा कवकास मिळतो. शैवाकाचे अन्न अशा रीतीने त्याच्या स्वतःच्याच घरात शिजते. या लेखातील पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

बाह्य स्वरूपावरून शैवाकांचे तीन मुख्य प्रकार पडतात. पानासारखे पसरणारे ते पर्णरूप. आपल्या मसाल्यातील दगडफूल याच प्रकारातील होय. झुडपासारखे उभे वाढणारे किंवा दाढीप्रमाणे लोंबणारे ते झुडूपरूप. सालीला किंवा दगडाला रंगाच्या पुटाप्रमाणे घट्ट चिकटून राहणारे ते खपलीरूप. ग्राफिस हा खपलीरूप प्रकारातील आहे.

खपलीची घडण

पर्णरूप शैवाकाच्या पानास वर व खाली अशा दोन्ही बाजूंना साल असते. खालच्या सालीस मुळांसारखे तंतू असतात व त्यांच्या आधारे ते झाडास धरून राहते. म्हणून दगडफूल हाताने सोलून काढता येते. ग्राफिसला खालची साल नसते. त्याचे कवकतंतू झाडाच्या सालीच्या बाहेरील मृत, बुचासारख्या थरात गुंतलेले असतात. परिणामी झाडाची साल काढल्याखेरीज ग्राफिस निघत नाही. तो खरवडणे म्हणजे झाडच खरवडणे होय.

चट्ट्याचा उभा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता सर्वांत वर कवकतंतूंचे पातळ आवरण दिसते. त्याखाली शैवलाचा थर असतो व त्याखाली विरळ विणीचे कवकतंतू सालीत उतरलेले दिसतात. ग्राफिसमधील शैवल ट्रेंटेपोह्लिया या गटातील असतो. या शैवलात हरितद्रव्याबरोबर गाजरातील रंगासारखे नारिंगी द्रव्यही असते. पावसाळ्यात दमट ठिकाणच्या भिंतींवर व खोडांवर जी नारिंगी मखमल वाढते, ती पुष्कळदा याच गटातील मोकळ्या शैवलाची असते. त्यामुळे ग्राफिसचा चट्टा नखाने किंचित खरडल्यास आत पिवळसर हिरवा किंवा नारिंगी थर दिसतो. हा शैवल एरिथ्रिटॉल या शर्करेसारख्या पदार्थाच्या रूपाने कवकाला अन्न पुरवितो.

कोरड्या दिवसांत चट्टा पांढरा दिसतो व पावसात हिरवट होतो, याचेही कारण या रचनेत आहे. वरचे आवरण कोरडे असता प्रकाश परतवून लावते. भिजले की ते पारदर्शक होते व खालचा शैवल दिसू लागतो. म्हणून पावसाळ्यात रोग वाढला व उन्हाळ्यात कमी झाला असा जो समज होतो, तो रंगाच्या या पालटामुळे होतो.

खपलीरूप शैवाकांची वाढ अत्यंत मंद असते. चट्ट्याची कडा वर्षाकाठी बहुधा एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पुढे सरकते. तळहाताएवढा चट्टा दिसला तर तो अनेक वर्षांचा रहिवासी आहे असे समजावे. आठवड्या-पंधरवड्यात झपाट्याने पसरणारा चट्टा ग्राफिसचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

काळी अक्षरे ही फळे होत

चट्ट्यावरील काळ्या रेघा म्हणजे कवकाची फळे होत. प्रत्येक रेघ सामान्यतः एक ते पाच मिलिमीटर लांब असते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिल्यास तिच्या दोन्ही बाजूंना दोन ओठ व मध्ये अरुंद चीर दिसते. ओठांची भिंत बहुतेक जातींत कोळशासारखी काळी व ठिसूळ असते. काही जातींत ही भिंत फळाच्या तळापर्यंत काळी असते, तर काहींत फक्त बाजूंनाच. जात ओळखताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

चिरेच्या आत सूक्ष्म पिशव्या असतात व प्रत्येक पिशवीत बहुधा ८ बीजुके असतात. बीजुके रंगहीन, लांबट व आडव्या पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेली असतात. काही जातींत उभे पडदेही असतात. आयोडीनच्या द्रावणात ही बीजुके निळसर जांभळी होतात व ही ग्राफिसची एक महत्त्वाची खूण आहे. मात्र नुसत्या बीजुकातून नवा चट्टा उभा राहत नाही; त्यातून फुटलेल्या कवकतंतूस योग्य शैवल भेटावा लागतो.

कार्ल लिनियस यांनी १७५३ साली या गटातील एका जातीची नोंद केली. जगात ग्राफिसच्या तीनशेहून अधिक जाती ज्ञात असून उष्ण व दमट प्रदेशांत त्या विशेषेकरून आढळतात. पश्चिम घाटातील या कुलाचा अभ्यास पुणे येथील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९४६ साली स्थापन झालेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

चट्ट्यातील रासायनिक द्रव्ये

ग्राफिसच्या खपलीत दोन प्रकारची द्रव्ये लक्षात घेण्यासारखी आहेत.

पहिले द्रव्य कॅल्शियम ऑक्झलेट. याचे स्फटिक अनेक जातींच्या खपलीत पुंजक्यांनी साठलेले असतात व चट्ट्याच्या पांढरेपणात त्यांचा मोठा वाटा असतो. हे द्रव्य आपल्या परिचयाचे आहे. अळू कच्चे खाल्ल्यास घसा खाजतो तो याच द्रव्याच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेव्हा चट्ट्याचा पांढरा रंग म्हणजे भुरीची पूड नव्हे. बोट फिरविल्यास भुरी पुसली जाते. ग्राफिस पुसला जात नाही.

दुसरा प्रकार शैवाकाम्लांचा. ग्राफिसच्या निरनिराळ्या जातींत नॉरस्टिक्टिक, स्टिक्टिक, सॅलॅझिनिक इत्यादी अम्ले आढळतात. कित्येक जातींत यांपैकी एकही नसते. ही अम्ले कवक तयार करतो. शैवलाने दिलेल्या अन्नातील कार्बन त्यासाठी वापरला जातो व तयार झालेले अम्ल कवकतंतूंच्या बाहेरील अंगावर सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने साठते. नॉरस्टिक्टिक अम्लाच्या एका रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ९ अणू असतात. ही अम्ले पाण्यात फारच अल्प प्रमाणात विरघळतात, परंतु ॲसिटोनमध्ये विरघळतात. यामुळेच कोकणातील धो धो पावसातही ती धुपून जात नाहीत. प्रखर ऊन, गोगलगायी व किडे आणि इतर सूक्ष्मजीव यांपासून शैवाकाचे रक्षण करण्यास ही द्रव्ये उपयोगी पडतात असे मानले जाते.

ही अम्ले ओळखण्याची सोपी रीत फिनलंडचे शास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली प्रचारात आणली. कॉस्टिक पोटॅशच्या सुमारे १० टक्के द्रावणाचा लहानसा थेंब शैवाकावर ठेवावयाचा व रंग पाहावयाचा. नॉरस्टिक्टिक अम्ल असल्यास प्रथम पिवळा व नंतर रक्तासारखा लाल रंग येतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल सुयांसारखे स्फटिक दिसतात. सॅलॅझिनिक अम्लानेही पिवळ्याचा लाल रंग होतो. स्टिक्टिक अम्ल असल्यास रंग पिवळाच राहतो, आणि अम्ल नसल्यास काहीच पालट होत नाही. दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन जाती अशा एका थेंबाने वेगळ्या काढता येतात. कॉस्टिक पोटॅश त्वचा व डोळे भाजणारे आहे. म्हणून ही परीक्षा बागेत न करता माध्यमिक शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, गळून पडलेल्या सालीच्या तुकड्यावर, जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी.

झाडास अपाय होतो काय?

बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या लाकडात घुसवून झाडाचे पाणी व क्षार घेते. ते खरे परोपजीवी होय. ग्राफिसचे तंतू सालीच्या बाहेरील मृत थरातच राहतात. त्यास झाडापासून हवा असतो तो केवळ आधार. अन्न त्याचे त्याच्याजवळ तयार होते. पाणी पाऊस, दव व धुके यांतून मिळते आणि क्षार पावसाचे पाणी, धूळ व सालीचा पृष्ठभाग यांवरून मिळतात. तो भाडेकरू आहे, चोर नव्हे.

येथे एक शंका रास्त आहे. रोडावलेल्या झाडांवर शैवाक अधिक दिसतात, मग झाड त्यांच्यामुळेच रोडावले नसेल काय? वस्तुस्थिती उलट आहे. झाड अशक्त झाले की पालवी विरळ होते, खोडावर ऊन अधिक पोहोचते व शैवाकातील शैवलाला प्रकाश मिळतो. शिवाय मंद वाढणाऱ्या झाडाची साल लवकर गळत नाही, त्यामुळे शैवाकास स्थिर जागा लाभते. म्हणजे झाडाचा अशक्तपणा आधीचा व शैवाकाची वाढ नंतरची. पाण्याचा निचरा, खत, मुळांची स्थिती व खोडकिडा यांकडे लक्ष न देता चट्टे खरवडीत बसणे म्हणजे मूळ दुखणे सोडून भलत्याच जागी औषध लावण्यासारखे आहे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक खात्यात नवा असताना एका बागाईतदाराने आपली आंब्याची झाडे दाखविली. बुंध्यावरील पांढरे चट्टे पाहून लेखकाने, पुरेशी परीक्षा न करता, ते खरवडून घेण्याचा सल्ला दिला. त्या गृहस्थांनी मोठ्या कष्टाने अकरा झाडे कोयत्याने स्वच्छ केली. मजूर न मिळाल्याने उरलेली तशीच राहिली. पुढच्या वर्षी खरवडलेल्या झाडांपैकी काहींच्या जखमांतून डिंक वाहत होता व तीन झाडांच्या बुंध्याशी भिरुडाचा भुसा पडलेला होता. न खरवडलेली झाडे आपली ‘अक्षरे’ अंगावर घेऊन नेहमीप्रमाणे मोहरली होती. “साहेब, डाग गेले, पण साल परत आली नाही,” एवढेच ते म्हणाले.

भिरूड खरवडल्यामुळेच लागला असे खात्रीने म्हणता येणार नाही. तथापि भिरुडाची मादी सालीतील भेगांत व खाचांत अंडी घालते, आणि कोयत्याने तशा जागा तयार करून दिल्या होत्या, हे नाकारता येत नाही. सल्ला देण्यापूर्वी भिंग काढावे, हा धडा लेखक त्या दिवशी शिकला.

पोफळ व माड यांच्या बाबतीत तर अधिकच जपावयास हवे. आंब्याच्या खोडात साल व लाकूड यांमध्ये वाढीचा थर असतो व त्यामुळे लहान जखम कालांतराने भरून येते. पोफळ व माड यांच्या खोडात असा थर नसतो. त्यांच्या खोडास झालेली जखम जन्मभर तशीच राहते.

ओळखावयाचे कसे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेत जाताना दहापट भिंग व पाण्याची लहान बाटली बरोबर ठेवावी आणि पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. चट्टा कोरडा, सपाट व सालीशी एकजीव आहे काय? त्यातून डिंक, रस किंवा भुसा येत नाही ना?

२. भिंगातून मध्ये चीर असलेल्या काळ्या रेघा दिसतात काय?

३. पाणी शिंपडल्यावर काही क्षणांत चट्टा हिरवट होतो काय?

४. चट्ट्याच्या वरची फांदी व पालवी निरोगी आहे काय?

चारही गोष्टी जुळल्यास तो ग्राफिस किंवा त्याचा जवळचा आप्त समजावा व झाडास हात लावू नये. रेघा नसून नुसती राखी खपली असेल व बाकीच्या तीन गोष्टी जुळत असतील, तर तोही बहुधा दुसरा एखादा निरुपद्रवी खपलीरूप शैवाक असतो. याउलट पुढील लक्षणे दिसल्यास मात्र विलंब करू नये.

*गुलाबी रोग :* अतिपावसाच्या भागात आंबा, फणस इत्यादींच्या फांद्यांवर, विशेषतः बेचक्यांत, प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू व पुढे गुलाबी थर दिसतो. साल तडकते व पुढील फांदी वाळते. रोगट भागाच्या खाली निरोगी भागात छाट घेऊन फांदी जाळावी व छाटीवर बोर्डो मलम लावावे. मलमासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे.

*माडाचे खोड पाझरणे :* खोडाच्या भेगांतून तांबूस तपकिरी रस वाहतो, वाळून काळा पडतो व आतील भाग कुजलेला असतो.

*भिरूड :* खोडावर छिद्रे, भुसा व विष्ठा दिसते.

*तांबेरा-शैवल :* पानांवर व कोवळ्या फांद्यांवर गंजाच्या रंगाचे मखमली ठिपके येतात. हा ग्राफिसमधील शैवलाचाच नातेवाईक. परंतु हा पानाच्या आवरणाखाली शिरतो व झाड अशक्त असल्यास त्रास देतो.

काय करावे, काय करू नये

शैवाक दिसले म्हणून खोड खरवडू नये, तासू नये, काथ्याने किंवा तारेच्या ब्रशाने घासू नये. केवळ या चट्ट्यांसाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी करू नये. तांबे शैवाकास मारक आहे हे खरे. परंतु ज्यापासून झाडास अपाय नाही त्यास मारण्यात औषध, मजुरी व वेळ ही तिन्ही फुकट जातात. रोगासाठी शिफारस केलेली फवारणी मात्र वेळेवर अवश्य करावी. तीत शैवाक मेले तरी त्याची चिंता नको.

फांद्यांवर शैवाकांची दाटी झाली असून झाडही रोडावलेले असेल, तर तीस झाडाच्या प्रकृतीची सूचना समजावे. बुंध्याशी पाणी साचते काय ते पाहावे, वाळकी फांदी छाटावी, शिफारशीप्रमाणे शेणखत व रासायनिक खत द्यावे, पोफळीस उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शैवाकास बाह्य साल नीट संरक्षण देणारी नसल्यामुळे हवेतील विषारी वायू, विशेषतः सल्फर डायऑक्साइड, त्यास सोसत नाही. पॅरिस शहरात इतरत्र नाहीसे झालेले शैवाक लक्झेंबर्ग उद्यानात मात्र टिकून असल्याचे नायलँडर यांनी १८६६ सालीच नोंदविले होते. आपल्या बागेत शैवाकांच्या नानाविध जाती नांदत असतील, तर तेथील हवा बरी आहे अशी ती एक साक्ष होय.

सारांश, ज्या चट्ट्यावर काळी अक्षरे आहेत, जो पुसला जात नाही, पाझरत नाही व पाण्याने हिरवा होतो, तो रोग नव्हे. त्याचे अन्न त्याच्याच शैवलात तयार होते आणि त्याचा मुक्काम झाडाच्या मृत सालीपुरता असतो. कार्यकर्त्यांनी ही ओळख प्रत्येक बागाईतदारास भिंगातून प्रत्यक्ष दाखवून द्यावी. एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे मनातील धास्ती आपोआप दूर होते. बागाईतदार बंधूंनीही कोयता उचलण्यापूर्वी झाडाची ही अक्षरे एकदा नीट वाचावीत, एवढीच विनंती.